अजिंठ्याची भिंत आणि बघणाऱ्यांचे डोळे

(जाहीर व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे. शेवटी प्रश्नोत्तरांतला निवडक भाग दिला आहे.)



पत्रिकेवर विषय छापलाय 'सौंदर्य म्हणजे काय?' एवढा मोठा विषय बघून काही जण घरीच थांबले असतील. (हशा) जे आलात त्यांचे आभार.

या प्रश्नावर मराठीत फार गंभीर विचार झालेला आहे. बा. सी. मर्ढेकरांनी सौंदर्य वस्तूच्या रचनेत शोधलं; संवाद, विरोध आणि समतोल ही त्यांची लयीची तत्त्वं अभ्यासकांना पाठ आहेत. रा. भा. पाटणकरांचा 'सौंदर्यमीमांसा' १९७४ साली आला आणि त्यानंतर आपल्याकडे या विषयावर सैलपणे बोलणं अवघड झालं. तो तत्त्वज्ञांचा प्रांत आहे, आणि मी इतिहासाचा माणूस. त्यामुळे मी प्रश्न थोडा खाली उतरवून घेणार आहे. सौंदर्य म्हणजे काय, हे बाजूला ठेवू. एकच वस्तू घेऊ. तिच्यासमोर वेगवेगळ्या काळात वेगवेगळी माणसं येऊन उभी राहिली. त्यांना काय दिसलं, ते पाहू.

'सौंदर्य बघणाऱ्याच्या डोळ्यात असतं' हे वाक्य आपण सगळेच बोलतो. बोललं की वाद संपतो, म्हणून ते सोयीचं आहे. पण मग पुढचा प्रश्न येतो: तो डोळा कुठून येतो? तो कोणी घडवला? आणि तो नुसता बघतो, की बघता बघता त्या वस्तूला काही करतोही?

यासाठी मी निवडली आहे अजिंठ्याची भिंत. सगळ्यांनी शाळेच्या सहलीत पाहिलेली, म्हणजे बहुतेकांनी न पाहिलेली. (हशा)

भिंत कशाची आहे

आधी वस्तू समजून घेऊ. वाघोरा नदीच्या नालाकृती वळणावर, कड्यात कोरलेली तीस लेणी आहेत. ती दोन टप्प्यांत झाली. पहिला टप्पा इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या-पहिल्या शतकातला. नऊ आणि दहा क्रमांकाची चैत्यगृहं त्यातली. दुसरा टप्पा पाचव्या शतकाचा, वाकाटक राजा हरिषेणाच्या काळातला. आपण ज्या चित्रांना 'अजिंठ्याची चित्रं' म्हणतो, पद्मपाणी वगैरे, ती या दुसऱ्या टप्प्यातली.

खडकावर आधी मातीचा गिलावा. त्यात भाताचं तूस, गवताचे-झाडपाल्याचे तंतू, बारीक खडी. त्यावर चुन्याचा पातळ हात. तो वाळल्यावर डिंकासारखा चिकट पदार्थ घालून कालवलेले रंग. तांबडी काव, पिवळी काव, हिरवी माती, काजळी, पांढरा. आणि निळ्यासाठी लाजवर्दी, जी अफगाणिस्तानातल्या बदख्शानच्या खाणींतून येई. म्हणजे विचार करा, भिंत आहे शेणामातीच्या घराच्या जातीची आणि तिच्यावरचा निळा रंग हिंदुकुश ओलांडून आलेला. इटलीतल्या फ्रेस्कोत रंग ओल्या चुन्यात मुरतो. इथे तो वर बसलेला आहे. पाणी, किडे, वटवाघळं आणि माणसाचा हात, सगळ्यांना तो सहज सापडतो. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

ज्यांनी रंगवलं त्यांचा डोळा

आता पहिले बघणारे. म्हणजे ज्यांनी हे करवून घेतलं आणि ज्यांनी केलं ते.

सोळाव्या लेण्याचा दाता वराहदेव, हा हरिषेणाचा मंत्री. त्याचा शिलालेख तिथेच आहे. तो हे लेणं भिक्षुसंघाला अर्पण करतो, पुण्यासाठी. पण ते करताना लेण्याचं वर्णन करायला विसरत नाही: गवाक्षं, वेदिका, देवकन्यांच्या प्रतिमा. आता हा विहार आहे. इथे घरदार सोडलेली माणसं राहणार. आणि त्यांच्या भिंतींवर राजवाडे, दागिने, नटलेल्या स्त्रिया, हत्ती, पेले, प्रेमिक. आज आपल्याला यात विसंगती वाटते. पाचव्या शतकातल्या दात्याला ती वाटत नव्हती, निदान त्याच्या लेखात तरी तशी शंका दिसत नाही. सुंदर करणं हाच अर्पणाचा भाग होता.

चित्रकाराच्या डोळ्याबद्दल आपल्याला थोडी आणखी माहिती मिळते. विष्णुधर्मोत्तर पुराणाच्या तिसऱ्या खंडात 'चित्रसूत्र' नावाचा भाग आहे. तो साधारण याच शतकांच्या आसपासचा मानतात. त्यात वज्र राजा मार्कंडेय ऋषींना विचारतो, मला मूर्ती घडवायला शिकवा. ऋषी म्हणतात, त्यासाठी चित्र यायला हवं. चित्रासाठी नृत्य, नृत्यासाठी वाद्य, आणि वाद्यासाठी गाणं. राजा आला होता मूर्तीसाठी, आणि निघाला गायनाच्या वर्गाला. (हशा) अजिंठ्याच्या आकृतींची मान, कंबर, बोटं जशी वळतात ती बघताना हा संवाद आठवावा. तो डोळा हाडामांसाची मोजमापं घेणारा नव्हता. नाच पाहून पाहून तो तयार झालेला होता.

याच ग्रंथात एक श्लोक आहे, त्याचा आशय सांगतो. चित्रातलं आचार्यांना आवडते ती रेषा. जाणकारांना आवडते ती छटा, म्हणजे उंचसखलपणा दाखवणारं रंगकाम. स्त्रियांना आवडतात दागिने. आणि बाकीच्यांना रंगांची रेलचेल. आता स्त्रियांबद्दलचं विधान आज कुणी ऐकून घेणार नाही, आणि घेऊही नये. (हशा) पण बाकी काय म्हटलंय ते बघा. दीड हजार वर्षांपूर्वीच्या माणसाला पक्कं ठाऊक आहे की एका चित्रासमोर चार माणसं चार चित्रं बघतात. त्यातला कुणाचा डोळा खोटा, असं तो म्हणत नाही. चित्रकाराला मात्र चौघांचीही सोय करावी लागते.

अठराशे एकोणीस

मग शतकं गेली. लेणी ओस पडली. पण 'हरवली होती आणि इंग्रजांनी शोधली' असं जे आपण म्हणतो ते जरा जपून म्हणावं. जवळच्या गावाचं नावच लेणापूर आहे. ज्या गावाच्या नावात लेणी आहेत त्या गावाला लेणी माहीत नव्हती, हे म्हणणं धाडसाचं आहे. गुराखी जात होते, बैरागी राहत होते, त्यांच्या चुलींचा धूर त्या भिंतींवर बसत होता. त्यांना ती सुंदर वाटली का? त्यांनी लिहून ठेवलं नाही. त्यांचा डोळा इतिहासात आला नाही, एवढंच खरं.

जो आला तो २८ एप्रिल १८१९ ला. जॉन स्मिथ, मद्रास घोडदळाचा अधिकारी, शिकारीला आलेला. दहाव्या लेण्यात तो शिरला आणि एका खांबावर त्याने आपलं नाव आणि तारीख कोरली. खांब रिकामा नव्हता. त्यावर रंगवलेली आकृती होती, आणि नाव तिच्या अंगावरून गेलंय. आज ती अक्षरं आपल्या डोळ्यांच्या पातळीच्या बऱ्याच वर आहेत, कारण तेव्हा आत राडारोडा साचला होता आणि साहेब त्यावर उभे होते.

आपण यावर चिडतो. चिडणं योग्यच आहे, आणि बदामात नाव कोरणाऱ्या आपल्या मंडळींवरही तेवढंच चिडावं. पण इतिहास म्हणून बघा. त्या माणसाला गुहा दिसली, नवल दिसलं, आपण इथे पोचलो हा पराक्रम दिसला. चित्र दिसलं नाही. डोळ्यांना दिसलंच असणार. पण 'हे चित्र आहे, यावर लिहू नये' असं वाटायला जे लागतं ते त्याच्याजवळ नव्हतं.

उतरवून घेणारे

पुढच्या पंचवीस वर्षांत ते थोडं थोडं तयार झालं. जेम्स फर्ग्युसन याने भारतातल्या लेण्यांवर १८४३ मध्ये लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीत निबंध वाचला. ही चित्रं नष्ट होण्याआधी उतरवून घ्या, असा आग्रह सुरू झाला. १८४४ मध्ये कंपनी सरकारने मद्रास सैन्यातल्या रॉबर्ट गिल या अधिकाऱ्याला नेमलं.

गिल म्हटलं की आपल्याला पारू आठवते. ना. धों. महानोरांचं 'अजिंठा' हे दीर्घकाव्य, त्यावरचा २०१२ चा चित्रपट, यामुळे मराठी माणसाच्या मनात गिल हा प्रेमकथेचा नायक झाला. ते असू दे. पण प्रेमकथेमागे काम झाकलं गेलं. हा माणूस जवळजवळ वीस वर्षं, १८६३ पर्यंत, अंधारात, उकाड्यात, तापाने फणफणत कॅनव्हासवर तैलरंगात भिंती उतरवत होता. मोठमोठी चित्रं लंडनला गेली, सिडनहॅमच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये लागली, आणि डिसेंबर १८६६ च्या आगीत जळाली. जी भिंतीवर टांगलेली नव्हती अशी मोजकी वाचली. गिल १८७९ मध्ये वारला. त्याची कबर भुसावळला आहे.

मग काम आलं मुंबईकडे. १८७२ पासून सर जे. जे. कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स आपले विद्यार्थी घेऊन अजिंठ्याला जाऊ लागले. पेस्तनजी बोमनजी, जगन्नाथ अनंत अशी नावं त्या विद्यार्थ्यांत आहेत. १८८५ पर्यंत तीनशेच्या आसपास चित्रं झाली. ती लंडनच्या साउथ केन्सिंग्टन संग्रहालयात गेली आणि १८८५ मध्ये तिथेही आग लागली. शंभराहून जास्त गेली. दोन पिढ्यांचं काम, दोन आगी, दोन्ही लंडनमध्ये. उरलेल्या चित्रांवरून १८९६-९७ मध्ये ग्रिफिथ्सचे दोन भव्य खंड निघाले.

या नकला बारकाईने पाहिल्या तर एक गोष्ट ध्यानात येते. गिल आणि ग्रिफिथ्स, दोघांचं माध्यम तैलरंग. तैलरंगाला चकाकी असते, खोल सावली असते. अजिंठ्याच्या भिंतीला ती चकाकी नाही. तिथे सपाट, कोरडा रंग आणि त्याला बांधणारी रेषा. म्हणजे नक्कल करताना हात प्रामाणिक होता, पण माध्यम युरोपचं होतं, आणि चित्र नकळत थोडं युरोपच्या बाजूला सरकत होतं. कौतुकही त्याच मापाने झालं. सोळाव्या लेण्यातल्या एका प्रसिद्ध चित्राबद्दल ग्रिफिथ्सने म्हटलं की फ्लॉरेन्सच्या चित्रकाराने रेखाटन याहून चांगलं केलं असतं, व्हेनिसच्याने रंग याहून चांगले दिले असते, पण याहून अधिक भाव दोघांनाही आणता आला नसता. कौतुक मनापासूनचं आहे. फूटपट्टी मात्र इटलीची आहे. या चित्राकडे आपण परत येणार आहोत.

बर्डवुडचा डोळा

आता एक असा माणूस बघू, ज्याच्याबद्दल वाचताना मी दर वेळी थबकतो. सर जॉर्ज बर्डवुड. जन्म १८३२, बेळगावचा. मुंबईत डॉक्टर, ग्रँट मेडिकल कॉलेजात प्राध्यापक. भायखळ्याचं संग्रहालय, ज्याला आज आपण भाऊ दाजी लाड यांचं नाव दिलंय, ते उभं करण्यात खुद्द भाऊ दाजींच्या बरोबरीने झटलेला. भाऊ दाजी म्हणजे अजिंठ्याचे शिलालेख वाचून छापणारे विद्वान. म्हणजे बर्डवुड कुणी परका, उडत उडत आलेला पाहुणा नव्हता.

भारतीय कारागिरीवर त्याचं प्रेम होतं. विणकर, कुंभार, तांबट, सोनार यांच्याबद्दल त्याने १८८० च्या आपल्या 'इंडस्ट्रियल आर्ट्स ऑफ इंडिया' या ग्रंथात भरभरून लिहिलं. गावातल्या कुंभाराच्या मडक्याचं सौंदर्य त्याला कळत होतं, आणि ते त्या काळात फार थोड्या साहेबांना कळत होतं. पण त्याच ग्रंथात तो म्हणतो की ललित कला म्हणून शिल्प आणि चित्र भारताला ठाऊकच नाहीत. हे लिहिलं गेलं तेव्हा जे. जे. ची मुलं आठ वर्षं अजिंठ्याच्या भिंती उतरवत बसलेली होती!

पुढे जानेवारी १९१० मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटी ऑफ आर्ट्समध्ये हॅवेलचं भारतीय कलेवर व्याख्यान झालं. अध्यक्ष बर्डवुड. समोर जावामधल्या ध्यानस्थ बुद्धाच्या मूर्तीचं छायाचित्र. बर्डवुडने अध्यक्षीय भाषणात म्हटलं, आशय असा, की निर्विकार शांतीचं प्रतीक म्हणून चरबी घालून उकडलेला पिठाचा गोळासुद्धा एवढंच काम करेल. (हशा) तुम्ही हसलात. तेव्हा बरेच जण चिडले. २८ फेब्रुवारीला 'टाइम्स'मध्ये तेरा कलावंत-विद्वानांच्या सहीचं निषेधपत्र छापून आलं, आणि त्याच वर्षी भारतीय कलेचा अभ्यास आणि प्रसार करायला 'इंडिया सोसायटी' स्थापन झाली.

मला प्रश्न पडतो तो हा: मडक्याचं सौंदर्य दिसणाऱ्याला बुद्धाचं का दिसू नये? त्याचा डोळा मंद नव्हता. उत्तर मला असं दिसतं की त्याच्या मनात दोन कप्पे होते. एका कप्प्यावर लिहिलं होतं 'कारागिरी', तिथे भारत. दुसऱ्यावर लिहिलं होतं 'कला', तिथे ग्रीस आणि इटली. मडकं पहिल्या कप्प्यात बसलं आणि सुंदर दिसलं. बुद्ध दुसऱ्या कप्प्याच्या दाराशी आला. त्याचे स्नायू ग्रीक नव्हते, म्हणून तो गोळा दिसला. कप्पा आधी होता, दिसणं नंतर. आपल्यालाही असे कप्पे असतात. वारली चित्राला आपण किती वर्षं 'चित्र' म्हणत होतो, हे स्वतःला विचारून बघा.

रेषेकडे परत

ज्या वेळी लंडनमध्ये हा वाद पेटला, नेमक्या त्याच हिवाळ्यात अजिंठ्याच्या लेण्यांत तिसरी तुकडी काम करत होती. क्रिस्तियाना हेरिंगहॅम या चित्रकर्तीने १९०९ ते १९११ या काळात दोन हिवाळे तिथे काढले. ती इंग्लंडमध्ये टेम्पेरा पद्धतीचा अभ्यास करणारी. चेन्निनो चेन्निनी या इटालियन चित्रकाराच्या जुन्या ग्रंथाचं भाषांतर तिने केलं होतं. म्हणजे तैलरंगाआधीचं कोरडं, रेषेचं चित्र कसं असतं हे तिला हातानं माहीत होतं. तिच्या मदतीला कलकत्त्याहून नंदलाल बोस, असितकुमार हलदार, समरेंद्रनाथ गुप्त, व्यंकटप्पा आले. अजिंठा तेव्हा निजामाच्या राज्यात. हैदराबादहून सय्यद अहमद आणि मोहम्मद फजलुद्दीन काझी आले. याच नकला इंडिया सोसायटीने १९१५ मध्ये पुस्तकरूपाने छापल्या.

या नकलांत अजिंठा वेगळाच दिसतो. सावल्या मागे गेल्या, रेषा पुढे आली. चित्रसूत्रातल्या त्या आचार्यांना आवडणारी रेषा! भिंत तीच होती. फरक हातांत आणि हेतूत होता. नंदलालना तिथे आपला पूर्वज सापडत होता, आणि पुढे त्यांच्या चित्रांत ती रेषा आयुष्यभर राहिली. अर्थात हाही एक डोळाच. स्वदेशीच्या काळातला, अभिमानाने भरलेला. त्याला ग्रिफिथ्सहून जास्त दिसलं, पण त्यालाही जे हवं होतं ते आधी दिसलं.

प्रेमाचे थर

सुरुवातीला मी विचारलं होतं की डोळा वस्तूला काही करतो का. अजिंठ्यात याचं उत्तर अक्षरशः भिंतीवर आहे.

ग्रिफिथ्सच्या काळात चित्रं स्पष्ट दिसावीत म्हणून भिंतींवर वॉर्निश फिरवलं गेलं. तेवढ्यापुरतं चित्र उजळलं. पुढे वॉर्निश काळवंडलं. मग १९२० ते २२ दरम्यान निजाम सरकारने, पुरातत्त्व खात्याचे प्रमुख गुलाम याझदानी यांच्या पुढाकाराने, इटलीहून लोरेन्झो चेक्कोनी आणि त्याचा सहकारी ओर्सिनी यांना बोलावलं. त्यांनी सुटत आलेला गिलावा खडकाला पुन्हा घट्ट बसवला. ते केलं नसतं तर आज आपल्याला बरंच काही बघायला मिळालं नसतं, हे कृतज्ञतेने म्हणायला हवं. पण रंग टिकावेत म्हणून त्यांनी लाखेचा थर दिला, आणि लाख कालांतराने पिवळी पडली. धूळ, धूर तिला चिकटला.

परिणाम असा की 'अजिंठ्याचे ते सोनेरी-तपकिरी, ऊबदार रंग' म्हणून आपण जे वाखाणतो, त्या पिवळेपणात लाखेचाही वाटा आहे. पुरातत्त्व खात्याचे रसायनतज्ज्ञ गेली काही दशकं तो थर बोटाबोटाने काढताहेत. जिथे निघाला तिथे खालून पांढरा आणि लाजवर्दी निळा वर आलाय. म्हणजे आपण ज्याला सौंदर्य म्हणत होतो, त्यातलं काही मागच्या रसिकांच्या प्रेमाचा गंज होता. स्मिथचं नाव दिसतं, म्हणून आपण त्याला शिव्या देतो. वॉर्निश दिसत नाही. पण ज्यांनी ते फासलं त्यांचं या चित्रांवर निःसंशय प्रेम होतं.

ती मरत नव्हती

आता सोळाव्या लेण्यातल्या त्या चित्राकडे येऊ. पडद्यावर बघा. बसलेली स्त्री, मान कललेली, पापण्या जड. मागून एक दासी तिला सावरते आहे. युरोपीय पाहुण्यांनी हिला नाव दिलं 'मरणासन्न राजकन्या'. ग्रिफिथ्सने इटलीशी जी तुलना केली ती हिचीच. कित्येक दशकं जगाने तिच्या मृत्यूचं सौंदर्य पाहिलं.

पण जवळच एक सेवक उभा आहे, त्याच्या हातात मुकुट आहे. चेहरा उतरलेला. अभ्यासकांनी कथा जुळवली तेव्हा कळलं की ती मरत नाहीये. ती सुंदरी आहे, नंदाची बायको. नंद हा बुद्धाचा सावत्रभाऊ. तो भिक्षू झाला, आणि त्याचा मुकुट परत आला. तो पाहून ती कोसळली.

ही कथा अश्वघोषाने 'सौंदरनंद' या महाकाव्यात सांगितली आहे, आणि ती सौंदर्याचीच कथा आहे. नंद भिक्षू झाला खरा, पण त्याचं मन सुंदरीपाशी. तेव्हा बुद्ध त्याला हिमालयात नेतात. तिथे एक डोळा गमावलेली माकडीण दिसते. बुद्ध विचारतात, ही सुंदर की तुझी बायको? नंद हसतो. मग ते त्याला स्वर्गात नेतात, अप्सरा दाखवतात, आणि पुन्हा विचारतात. आता नंद म्हणतो, हिच्यापुढे माझी सुंदरी म्हणजे ती माकडीण! एका दिवसात त्याचा डोळा दोनदा बदलला. पुढे तो तिसऱ्यांदाही बदलतो, पण त्यासाठी त्याला तुलनाच सोडावी लागते.

विहारात राहणारा भिक्षू हे चित्र रोज बघत असेल. त्याला ही कथा माहीत होती. त्याला सुंदरीचं दुःख दिसत होतं, आणि सौंदर्य तुलनेवर कसं डुलतं याचा धडाही दिसत होता. आपल्या आधुनिक डोळ्यांनी त्यातली एक आकृती उचलली, बाकीची भिंत सोडली, आणि 'मरण किती सुंदर रंगवलंय' म्हटलं. भाव खरा पोचला. प्रसंग पोचला नाही. आणि दुःख कशाचं आहे हे कळल्यावर, मला तरी, ती अधिक सुंदर दिसते. मरणारी राजकन्या दूरची आहे. पण नवरा घर सोडून गेल्याचं ज्यांनी पाहिलंय, त्यांना सुंदरी ओळखीची वाटेल.

सावळ्या रंगाचं काय झालं

शेवटचा मुद्दा. पहिल्या लेण्यात पद्मपाणीजवळ एक सावळी स्त्री आहे, पाहुण्यांनी तिला 'काळी राजकन्या' म्हटलं. अजिंठ्यात गव्हाळ, गोऱ्या, सावळ्या, पार काळ्या अशा सगळ्या अंगकांती आहेत, आणि मोती, मुकुट, कटाक्ष सगळ्यांच्या वाट्याला आलेत. चित्रकाराने काळ्या रंगावर दागिना चढवताना हात आखडता घेतलेला नाही.

आता आपल्याकडे बघा. आपला विठोबा सावळा. त्याला सुंदर म्हणताना वारकऱ्याला कधी अडखळायला झालं नाही. आणि त्याच घरातली लग्नाची जाहिरात 'गोरी, सुस्वरूप' पासून सुरू होते. गोरेपणाचं मलम १९७५ मध्ये बाजारात आलं. त्याच्या नावातून 'फेअर' हा शब्द जायला २०२० उजाडलं. मलमाने हा डोळा तयार केला असं मी म्हणत नाही, तो त्याआधीही होता. पण तो कायमचा नव्हता, एवढं अजिंठ्याची भिंत सांगते. जो डोळा इतिहासात घडला तो इतिहासात बदलूही शकतो. घरातल्या एखाद्या सावळ्या मुलीसाठी ही गोष्ट कलेच्या इतिहासापेक्षा मोठी आहे.

माझं बोलणं इथे थांबवतो. प्रश्न असतील तर घेऊ.

प्रश्नोत्तरं

*प्रश्न: प्रत्येकाचा डोळा त्याच्या काळाने घडवलेला असेल, तर मग बर्डवुडही बरोबर आणि नंदलालही बरोबर, असं म्हणायचं का?*

नाही, तसं म्हणू नये. घडवलेले असले तरी सगळे डोळे सारखे नसतात. मी एक साधी कसोटी लावतो. तुमचं मत बदलायला त्या वस्तूला तुम्ही संधी दिली का? बर्डवुड एका छायाचित्रावरून निकाल देऊन मोकळा झाला. ग्रिफिथ्स इटलीची फूटपट्टी घेऊन आला, पण तेरा वर्षांच्या कामात ती पट्टी अपुरी पडते हे त्याने स्वतःच लिहिलं. हेरिंगहॅम, नंदलाल रोज सकाळी त्या भिंतीसमोर बसले. जो थांबतो त्याला वस्तू शिकवते. म्हणून त्यांचं पाहणं जास्त भरवशाचं आहे.

*प्रश्न: आम्ही अजिंठ्याला गेलो तर नेमकं काय करावं? दहा मिनिटांत बाहेर काढतात.*

(हशा) खरं आहे, गर्दी असते आणि श्वासाच्या ओलाव्यानेही चित्रांचं नुकसान होतं, म्हणून वेळेची मर्यादा लागतेच. उन्हातून आत आल्यावर डोळे अंधाराला पूर्ण सरावायला वीस-तीस मिनिटं लागतात. म्हणजे पहिल्या दहा मिनिटांत 'इथे काही दिसतच नाही' असं वाटणं हा डोळ्यांचा स्वभाव आहे, चित्राचा दोष नाही. तेव्हा लेण्याच्या ओसरीत, सावलीत थोडं थांबा आणि मग आत जा. फ्लॅश मारू नका. सगळी लेणी संपवण्याचा हट्ट सोडा. सोळाव्या लेण्यात सुंदरीसमोर उभे राहा आणि आधी तिच्याकडे बघू नका. मुकुट घेऊन आलेला तो सेवक शोधा. तो सापडला की मग तिच्याकडे वळा.